प्रश्न ध्वनीचे : थ्रॅशवाले परत आले

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतो आहे. २०२५च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या डार्क एंजल या थ्रॅश मेटल, म्हणजे अतिवेगवान, जड गिटारांचं रॉक संगीत वाजवणाऱ्या बँडचा नवा अल्बम आला. त्याआधीचा होता १९९१चा. पुढच्याच महिन्यात स्वित्झर्लंडचा कोरोनर परतला, त्यांचा आधीचा अल्बम १९९३चा. तीस-तीस वर्षं नवं काही न दिलेले बँड पुन्हा त्याच त्वेषाने वाजतात, ही बातमी गोव्यात अनेकांच्या काळजाला भिडलेली दिसते. नव्वदच्या आसपास मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा इथल्या कॉलेजांत गिटारी खांद्याला लावून हेच वाजवणारी पोरं होती. ती आता बँकेत, बोटीवर, शाळेत, वीज खात्यात आहेत. पत्रं त्यांची आहेत, एक त्यांच्यापैकी कुणाच्या तरी बायकोचं आहे, एक वडिलांचं, आणि एक एकोणीस वर्षांच्या मुलीचं. मी रेकॉर्डिंग करणारा माणूस. माझ्या टेबलावरून भजनं जातात, नाट्यगीतं जातात, तियात्र या कोकणी नाटकांतली कांतारं जातात, पण या विषयावर माझा जीव आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे ते त्यामुळेच.

माझे मिस्टर बावन्न वर्षांचे, बँकेत अधिकारी आहेत. कॉलेजात चार मित्रांचा थ्रॅश मेटल बँड होता, तो १९९७ साली मोडला. आता चौघं परत जमलेत आणि अल्बम रेकॉर्ड करायचा म्हणतात. वयाला शोभतं का, असलं काही मी विचारत नाही. मुलीचं शिक्षण चालू आहे. पैसे आणि वेळ वाया जातील का, एवढंच सांगा.
— एक वाचक, फोंडा

ताई, प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. चौघं एका खोलीत बसून नेमाने वाजवत असतील तर काहीही वाया जाणार नाही. चौघं चार घरांत बसून आपापला भाग कॉम्प्युटरवर घालून एकमेकांना पाठवणार असतील, तर मात्र थांबा म्हणा.

कारण सांगतो. हे संगीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घडलं, त्यातलं बरंचसं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. मेटॅलिकाचा पहिला अल्बम १९८३चा, एक्झोडसचा १९८५चा. लॉस एंजेलिसकडच्या स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ १९८६चा, दहा गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. लोकांना त्यातला वेग दिसतो. मला विचाराल तर जोर आहे तो गिटारवाल्याचा उजवा हात आणि ड्रमरचा पाय एकाच क्षणी पडण्यात. तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तार अर्धी दाबायची आणि वरून खाली झटका द्यायचा. त्याच झटक्याला खालून बास ड्रमचा ठोका लागला की छातीत धक्का बसतो. तो केसभर मागेपुढे झाला की नुसता गोंगाट उरतो. एकमेकांचे खांदे बघत वाजवल्याशिवाय हे जुळत नाही, आणि कॉम्प्युटरवर ठोके सरकवून जुळवलेलं कान लगेच ओळखतो.

परदेशातले हे बँड परत कसे आले तेही ऐका. २००१ साली टेस्टामेंट बँडचा गायक चक बिली याला कॅन्सर झाला. त्याच्या उपचाराला पैसे उभे करायला मित्रांनी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक कार्यक्रम ठेवला. डेथ बँडचा चक शुल्डिनरही तेव्हा आजारी होता, मदत त्याच्यासाठीही होती. मोडलेले, विखुरलेले बँड त्या एका रात्रीसाठी गोळा झाले. डेथ एंजल त्यातलाच. फिलिपिनो वंशाच्या चुलत-मावस भावांचा बँड. १९९० साली अ‍ॅरिझोनात त्यांच्या बसला अपघात झाला, ड्रमर गंभीर जखमी झाला आणि थोड्याच काळात सगळं संपलं होतं. मित्रासाठी म्हणून एका रात्रीपुरते जमले, आणि २००४ साली त्यांचा नवा अल्बम आला. चक बिली बरा झाला, अजून गातो. त्या रात्री कुणी करिअर करायला आलं नव्हतं. तुमच्या मिस्टरांचे मित्रही करिअर करायला जमलेले नाहीत, असं पत्रावरून वाटतं. ही चांगली खूण आहे.

आता घरचं सांगतो. कुडचडे-सावर्डे भागातला असाच एक बँड माझ्याकडे आला होता. ड्रमर खाणीच्या ट्रकांचा मेकॅनिक. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कामासाठी गोव्याबाहेर गेला, मग परतला. बास वाजवणारा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. गिटारवाला हायस्कुलात गणित शिकवतो. गाणारा चर्चच्या कॉयरला शिकवतो, त्यामुळे त्याचा श्वास इतर तिघांपेक्षा शाबूत. पहिल्या दिवशी गिटारवाल्याचा डावा हात सगळं बरोबर दाबत होता, एक सूर चुकत नव्हता. पण उजवा हात मनगटापासून न हलता कोपरापासून हलत होता, आणि तिसऱ्या मिनिटाला दंड भरून येत होता. क्लिक, म्हणजे कानात ठेका मोजणारा आवाज, मिनिटाला १९६ मात्रांवर लावलेला होता, कारण जुन्या कॅसेटवर गाणं त्या वेगात होतं. मी तो १८४वर आणला आणि काही न बोलता टेक लावला. ड्रमरचे खांदे खाली आले. गणिताच्या सरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणापासून चौघं एकत्र वाजायला लागले. रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारी सुरांची आकृती, हळू झाला होता, पण जड झाला होता. प्रत्येक झटक्याच्या मागे जागा दिसत होती. कॅसेटवर जे अठरा-वीस वर्षांच्या पोरांनी घाईने उडवलेलं होतं, ते आता पाय रोवून उभं होतं.

त्यांची जुनी गाणी अणुयुद्धावर होती. त्या काळी पुष्कळ थ्रॅश बँडांची असत, आमच्या पोरांनी ती कॅसेटवर ऐकली आणि तशीच लिहिली. नवं एकच गाणं होतं, गाणाऱ्याने लिहिलेलं. रस्त्यावर ट्रकांची न संपणारी रांग, तुळशी वृंदावनावर आणि खुरसावर, म्हणजे क्रुसावर, सारखीच बसलेली लाल धूळ, आणि मग खाणी बंद झाल्यावर दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांच्या चाकांत चढलेले वेल. हप्ता फेडायचा राहिलेला. हे चौघांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तेच गाणं त्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत चांगलं उतरलं. तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या, जुनी चार घ्या, पण निदान एक गाणं आजचं लिहा.

ड्रम आम्ही स्टुडिओत घेतलेच नाहीत. त्यांच्यातल्या एकाच्या आजोळच्या जुन्या घरात, राजांगणाच्या कडेच्या चौकीत घेतले. चिऱ्याच्या जाड भिंती, वर लाकडी वासे आणि मंगळुरी कौलं. काँक्रीटच्या स्लॅबखाली झांजेचा आवाज आदळून परत येतो आणि माइकमध्ये चिरकतो. कौलांखाली तो वर जातो आणि विरतो. स्नेअरला, म्हणजे काठीने वाजवायच्या तडतड्या ड्रमला, जी हवा मिळाली ती कुठल्या यंत्राने मिळाली नसती.

पैशाचं म्हणाल, तर बारा गाण्यांचा हट्ट सोडायला सांगा. सेक्रेड राइक हा अ‍ॅरिझोनाचा बँड तेवीस वर्षांनी २०१९ साली परतला तो आठ गाणी घेऊन, साधारण अर्ध्या तासाची. तुमच्या लोकांनी पाच करावीत. सराव निदान सहा महिने, प्रत्येक सराव साध्या फोनवर रेकॉर्ड करायचा आणि आठवड्याभराने ऐकायचा. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं उभं राहायला लागलं की मगच स्टुडिओची तारीख घ्यायची. तासाच्या भावाने जाऊ नका, पूर्ण कामाचा भाव ठरवा, त्यात मिक्सिंगच्या, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकमेकांत बसवण्याच्या, दोन दुरुस्त्या धरलेल्या असाव्यात. नवी गिटार घेऊ देऊ नका. जुन्या गिटारची नेक सरळ करून घेणं, नव्या तारा आणि ड्रमची नवी कातडी, खर्च करायचा तो इथे. आणि सरावाच्या खोलीत एकदा तुम्ही स्वतः जाऊन बसा. कानांत कापूस घाला आणि बसा. ते काय करतात हे घरातून कळणार नाही.

मी पंचावन्न वर्षांचा ड्रमर. २००च्या वेगात डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) एका मिनिटापलीकडे टिकत नाही, उजवा गुडघा दुखतो. बँडमधले म्हणतात ड्रम कॉम्प्युटरवर करूया. करू?
— एक वाचक, मडगाव

नको, बाब. तुमच्या बँडमधल्यांना माझ्यातर्फे सांगा की ड्रमर जिवंत असताना मशीन आणणं बरं नाही.

आधी हिशेब बघा, म्हणजे मनातली लाज जाईल. मिनिटाला २०० मात्रा, प्रत्येक मात्रेत पायाचे चार ठोके, म्हणजे सेकंदाला तेरापेक्षा जास्त. एका पायाच्या वाट्याला सहा-सात. हे विशीतल्या पोरालाही सोपं नाही. गिटारवाल्यांचंही तसंच. २१०च्या वेगात नुसते वरून खाली झटके मारायचे तर सेकंदाला सात होतात. डार्क एंजलचा ड्रमर जीन होग्लान याचं उदाहरण तुम्ही द्याल. खरं आहे, तो १९९१च्या डार्क एंजलवरही होता आणि २०२५च्याही, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पण तो मधली तीस वर्षं डेथ, टेस्टामेंट, स्ट्रॅपिंग यंग लॅड अशा बँडांत सतत वाजवत होता. तुम्ही मधली वर्षं संसार केलात. त्याच्याशी तुलना करू नका.

गुडघा आधी डॉक्टरला दाखवा. मग स्टूल उंच करा, मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहिली पाहिजे. ठेंगण्या स्टुलावर बसून वाजवायची सवय आपल्याकडे फार जणांना आहे आणि गुडघे तिथेच जातात. पेडलची स्प्रिंग थोडी घट्ट करा म्हणजे पाय स्वतः उचलावा लागणार नाही. वेग १८५पर्यंत आणा. आणि गाणी पुन्हा ऐका. थ्रॅशचा मूळ ठेका म्हणजे बास आणि स्नेअरची धावती अदलाबदल, एका पायाची. डबल बास बऱ्याच जुन्या गाण्यांत मोक्याच्या जागीच येतो. तुम्ही तरुणपणी तो सगळीकडे पेरला असेल तर आता उपटा, आणि जिथे खरंच हवा तिथे आठ-आठ मात्रांचा ठेवा. तिथे तो ऐकणाऱ्याला हादरवेल.

रेकॉर्डिंगमध्ये गाणं दोन-तीन तुकड्यांत वाजवायला काहीच हरकत नाही. मधे पाणी प्या, पाय मोकळे करा, पुढचा तुकडा वाजवा. सगळे करतात. प्रत्येक ठोका तुमच्या पायाचा असला म्हणजे झालं. गाणाऱ्याचा आवाज वर चढत नसेल तर सगळ्यांनी गिटारी अर्धा सूर खाली लावा. मेटॅलिका नव्वदच्या मध्यापासून मंचावर तेच करते.

माझे कान चुकतात का? जुन्या थ्रॅश बँडांचे नवे अल्बम ऐकले की ड्रम प्लास्टिकसारखे वाटतात आणि सगळं एकाच पातळीवर ओरडतं. ऐंशीच्या दशकातलं रेकॉर्डिंग तसं वाटत नाही. मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे जुन्या आठवणींचा प्रश्न नाही.
— एक वाचक, म्हापसा

तुझे कान अगदी बरोबर आहेत. दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे ड्रमरने मारलेल्या प्रत्येक ठोक्याच्या जागी तयार नमुन्याचा ठोका बसवतात. माणूस दोनदा सारखा मारत नाही, नमुना शंभरदा सारखाच असतो, आणि तुला तेच प्लास्टिक वाटतं. दुसरं म्हणजे मास्टरिंगमध्ये, रेकॉर्डिंगच्या शेवटच्या सफाईत, हळू आवाज वर ओढून मोठ्याच्या बरोबरीला आणतात, म्हणजे गाणं लावल्या लावल्या दणदणीत वाटावं. त्यात ठोक्यांची टोकं कापली जातात. मेटॅलिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरून जगभर भांडण झालं ते यामुळे. त्याच वेळी ती गाणी गिटार हिरो या खेळातही आली होती आणि तिथे ती दाबलेली नव्हती. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली. खेळातलं रेकॉर्डिंग मोकळं, दुकानातलं चिरडलेलं. पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या.

तू घरी एक कर. जुना आणि नवा अल्बम लागोपाठ लाव, पण नव्याचा आवाज इतका कमी कर की दोन्ही कानाला सारखेच मोठे वाटतील. मग स्नेअर ऐक. कुठला ठोका अंगावर येतो ते बघ.

परतलेल्यांपैकी काय ऐकावं? एक्झोडसचा २००४चा ‘टेम्पो ऑफ द डॅम्ड’. आवाज आधुनिक आहे, पण राग खरा. मग सेक्रेड राइकचा २०१९चा ‘अवेकनिंग’, आणि त्यानंतर कोरोनरचा ‘डिसोनन्स थिअरी’. तो दोन-तीन वेळा ऐकल्यावर उलगडेल, घाई करू नकोस. आणि आपल्या देशातलं एक, थ्रॅश नव्हे तरी याच संदर्भातलं. मुंबईचा इंडस क्रीड, आधीचा रॉक मशीन, १९९७ला थांबला, २०१०ला परत जमला आणि १९९५नंतरचा त्यांचा पुढचा अल्बम २०१२ला आला. परत येऊन त्यांनी जुन्या लोकप्रिय गाण्यांची नक्कल केली नाही. या लोकांनी पुढच्या पोरांसाठी वाट पाडली आहे, त्यांना ऐकायलाच हवं.

माझा मुलगा पन्नाशीचा. त्याच्या बँडचं पुन्हा सुरू झालंय आणि आता नातूही तेच ऐकतो. मी अभिषेकीबुवांचा भक्त, जन्मभर नाट्यसंगीत ऐकलं. मला यात आवाजापलीकडे काही सापडत नाही. पण दोघं इतक्या आनंदात असतात की मलाही आत शिरावंसं वाटतं. कुठून शिरू?
— एक निवृत्त शिक्षक, साखळी

गुरुजी, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. गायकाकडे आधी लक्ष देऊ नका, तिथेच तुमची वाट अडते आहे. तुम्ही सूर शोधता आणि तो ओरडतो. मुलाला सांगा, गिटार अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता नुसती हातात घेऊन एक रिफ सावकाश वाजवून दाखव. चार-पाच सुरांची आकृती असते, ती तीन-चार वेळा येते आणि चौथ्यांदा शेवट बदलतो. ती तुमच्या कानात बसेपर्यंत वाजवायला लावा. मग तोच रिफ पूर्ण वेगात, ड्रमसह लावायला सांगा. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तशी ती आकृती दिसेल. मग ती कुठे मोडते, कुठे दुप्पट होते, समेवर कधी परतते ते धरा. मंगेशीच्या बुवांनी तुमचा कान जो तयार केला आहे, तो इथे कामाला येतो. तुम्हाला लय नातवापेक्षा लवकर कळेल.

आणि पुन्हा उभं राहण्याबद्दल म्हणाल, तर आपली कोकणी गायिका लोर्ना आठवा. क्रिस पेरींच्या गाण्यांनी तिने गोवा आणि मुंबई वेड केलं, मग दोन दशकांहून जास्त काळ तिचा आवाज कुठे ऐकू आला नाही. १९९५ साली ती परत आली तेव्हा लोकांची गर्दी उसळली. आवाज बदललेला होता. कुणाची तक्रार नव्हती, लोकांना ती हवी होती. मुलाच्या बँडकडेही त्या कानाने बघा.

घरीच रेकॉर्ड करायचं आहे. कुठल्या महिन्यात?
— एक वाचक, काणकोण

पावसात सराव करा, रेकॉर्डिंग नको. कौलांवरचा पाऊस, बेडकं, आणि दर थोड्या वेळाने वीज जाणं किंवा कमी-जास्त होणं. दमटपणाने तारा आठवड्यात काळवंडतात आणि गिटारची नेक वाकते. गणेश चवथ आटोपली की दिवाळीपर्यंतचे दिवस चांगले. पुढे जत्रा, लग्नं आणि डीजे. रात्री दहानंतर अ‍ॅम्प बंद, हा कायदा तर आहेच, शेजारच्या घरात म्हातारी माणसं असतील तर आठलाच थांबा.

आमचा लीड गिटारिस्ट २००९ साली वारला. त्याने बांधलेली तीन गाणी आम्हाला आता रेकॉर्ड करायची आहेत. त्याच्या घरच्यांना विचारावं लागेल का? आणि बँडचं जुनं नाव वापरावं की नको?
— एक वाचक, वास्को

विचारावं लागेल, आणि कायदा नसता तरी विचारायला हवं होतं. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो आणि तो वारसांकडे जातो. गाणं दोघा-तिघांनी मिळून केलं असेल तर त्यातला शेवटचा माणूस गेल्यावर साठ वर्षं मोजायची. म्हणजे त्या तीन गाण्यांत त्याच्या बायको-मुलांचा वाटा आहे. त्यांच्याकडून लेखी संमती घ्या, रचनाकार म्हणून त्याचं नाव छापा, आणि जे काही पैसे येतील त्यातला हिस्सा कागदावर ठरवा. रक्कम छोटी असेल, तरीही ठरवा. मित्रामित्रांत हे बोलायला जड जातं, म्हणून राहून जातं आणि पुढे घरं तुटतात.

नावाचं माझं मत असं. घरचे राजी असतील आणि उरलेले सगळे एकत्र असाल तर तेच नाव ठेवा. एक्झोडसच्या पहिल्या अल्बमचा गायक पॉल बॅलॉफ २००२ साली पक्षाघाताने गेला. २००४चा अल्बम त्याच नावाने आला. डार्क एंजलचा गिटारिस्ट जिम डर्किन २०२३ साली गेला, अल्बम पूर्ण व्हायच्या आधी. बँड थांबला नाही. थांबला असता तर त्याच्यासोबत सगळंच पुरलं गेलं असतं.

त्याचे सोलो मात्र नव्या माणसाकडून सुरासूर तसेच वाजवून घेऊ नका. नव्या माणसाला त्याचं स्वतःचं वाजवू द्या. आणि जुन्या टेपवर त्याचा सोलो वेगळ्या ट्रॅकवर असेल, तर तोच उचलून नव्या रेकॉर्डिंगमध्ये बसवता येतो, फक्त त्या गाण्याचा वेग जुन्या टेपइतकाच ठेवावा लागेल. या एका गाण्यासाठी घाम गाळा. टेप कशी काढायची ते पुढच्या उत्तरात वाचा.

आमच्या १९९४च्या डेमोची कॅसेट सापडली. डेकवर लावली तर एका बाजूला फक्त ड्रम आणि बास, तेही निम्म्या वेगाने, फार जाड आवाजात. दुसऱ्या बाजूला गिटार आणि गाणं उलटं ऐकू येतं. वर पांढरी बुरशी. गेली का?
— एक वाचक, डिचोली

गेलेली नाही! पत्र वाचून मी खुर्चीवरून उठलो. ही साधी कॅसेट नव्हे, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केलेली मूळ टेप आहे. टास्कॅमने १९७९ साली पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आणलं, मग तशी बरीच निघाली. साधी कॅसेट एका बाजूला दोन आणि उलटवल्यावर दोन ट्रॅक वाजवते. हे यंत्र चारही एकाच दिशेने भरतं, आणि पुष्कळदा दुप्पट वेगाने. म्हणून साध्या डेकवर पहिले दोन निम्म्या गतीने, एक सप्तक खाली ऐकू येतात, आणि उरलेले दोन उलटे. तुमच्या हातात ड्रम, बास, गिटार, आवाज सगळं सुटं सुटं आहे. अशी टेप जपलेले बँड फार थोडे.

आता ती परत लावू नका. बुरशी डेकच्या हेडवर घासली की टेप खरवडते. कॅसेट उन्हात ठेवायची नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस ठेवा. मग कवच स्क्रूचं असेल तर जाणकाराकडून उघडून रिळं नव्या कवचात घालून घ्या, जुन्या कवचातली दाब देणारी स्पंजची गादी बहुधा निखळलेली असते. बुरशी कोरड्या मऊ कापडाने, टेप हाताने हळूहळू फिरवत पुसायची, नाक-तोंड बांधून.

ज्या यंत्रावर भरली तेच मिळालं तर सर्वांत उत्तम, कारण त्यात आवाजातली खरखर घालवणारी पद्धतही, बहुधा डीबीएक्स, तीच असेल. जुन्या मित्रांना, चर्चच्या कॉयरवाल्यांना विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर असतं. नाहीच मिळालं तर चांगल्या डेकवर दोन्ही बाजू २४ बिटमध्ये कॉम्प्युटरवर घ्या, डॉल्बी, म्हणजे डेकवरची खरखर कमी करणारी सोय, बंद ठेवून. दुसरी बाजू उलटी करा, दोन्हींचा वेग दुप्पट करा आणि ड्रमरच्या काठ्यांची सुरुवातीची मोजणी धरून एकमेकांशी जुळवा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी वाजलेल्या असल्यामुळे मधे मधे सरकतील, तिथे हाताने बसवावं लागतं. वेळ खाणारं काम आहे, पण होतं.

हे सगळं करण्याआधी, आजच, कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही जिभा मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. आणि पोस्टाने पाठवू नका. स्वतः घेऊन या.